जुनी जीप पुन्हा रस्त्यावर

पंचायत समितीच्या आवारात, साखर कारखान्याच्या गोदामामागे किंवा एखाद्या मळ्यातल्या गोठ्याशेजारी वर्षानुवर्षे उभी असलेली जीप तुम्ही कधी ना कधी पाहिली असेल. टायर बसलेले, टपाच्या कापडाच्या चिंध्या झालेल्या, बॉनेटवर कोंबड्यांची ये-जा. मालकाला विचारले तर तो म्हणतो, "इंजिन चांगलं आहे, फक्त रंग द्यायला हवा." हे वाक्य ऐकून पुष्कळांनी जुन्या जीपा विकत घेतल्या आहेत, आधी रंगावर पैसे घातले आहेत आणि पहिल्या घाटातच पश्चात्ताप केला आहे.

जुनी जीप थोड्या पैशांत चालती करता येते, हे मात्र खरे. त्यासाठी पैशांपेक्षा दोन गोष्टी अधिक लागतात. एक म्हणजे दुरुस्तीचा योग्य क्रम, आणि दुसरी म्हणजे आत काय बिघडले आहे ते न उघडता ओळखण्याची युक्ती. ह्या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी शाळेत शिकवले जाणारे विज्ञानच आहे.

प्रथम ह्या गाडीची थोडी ओळख करून घेऊ. १९४० साली अमेरिकेच्या लष्कराला टेहळणीसाठी एक हलके, चारही चाकांना शक्ती मिळणारे वाहन तातडीने हवे होते. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने पहिला नमुना केवळ ४९ दिवसांत तयार करून दिला. पुढे विलिस आणि फोर्ड ह्या कंपन्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. युद्धानंतर विलिसने नागरी उपयोगासाठी जीप बनवायला घेतली, आणि १९४७ पासून तिचे सुटे भाग आणून मुंबईत जोडणी सुरू झाली. हे काम करणारी कंपनी म्हणजे आजची महिंद्र अँड महिंद्र. हळूहळू भागही भारतातच तयार होऊ लागले.

आपल्याकडे सर्वांत जास्त दिसली ती उंच बॉनेटची 'सीजे-३बी'. बॉनेट उंच का, ह्यामागे एक छोटेसे कारण आहे. आधीच्या इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारी झडप आणि जळका धूर बाहेर सोडणारी झडप, दोन्ही सिलिंडरच्या बाजूला असत. १९५३ च्या ह्या जीपमधील नव्या इंजिनात आत घेण्याची झडप सिलिंडरच्या डोक्यावर नेली. त्यामुळे मिश्रण आत येण्याची वाट रुंद झाली, शक्ती ६० अश्वशक्तीवरून सुमारे ७० वर गेली आणि इंजिनाची उंची वाढली. उंची वाढल्यावर ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेटच वर उचलले! अमेरिकेत ही जीप १९६८ साली बंद झाली; भारतात मात्र तिचीच भावंडे पुढे अनेक दशके बनत राहिली. आपल्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. एकच रचना इतकी वर्षे टिकल्यामुळे एका जीपचा भाग दुसरीला बसतो, आणि भंगार बाजारात शोधले तर अजूनही सापडतो.

आता गोठ्याशेजारच्या त्या जीपकडे वळू. सर्वांत आधी पाहायचे ते इंजिन नव्हे, तर कागद आणि चेसिस. नोंदणीपुस्तकातील चेसिस-क्रमांक आणि गाडीवर कोरलेला क्रमांक जुळत नसेल, तर तेथूनच परत फिरावे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. क्रमांक जुळला नाही तर कितीही सुंदर दुरुस्ती केली तरी गाडी रस्त्यावर येणार नाही.

चेसिस म्हणजे जीपचा कणा. पत्र्याची पोकळ पेटी करून तिच्या दोन लांब तुळया बनवलेल्या असतात. वरून रंग ठीक दिसला, तरी आत साचलेला चिखल ओल धरून ठेवतो आणि गंज आतून बाहेर येतो. गंज ही एक विद्युत्‌-रासायनिक क्रिया आहे. लोखंडाच्या एका भागातून इलेक्ट्रॉन सुटतात, दुसऱ्या भागावर ऑक्सिजन आणि पाणी ते स्वीकारतात, आणि मधल्या ओलाव्यातून आयन वाहतात. ह्या ओलाव्यात मीठ विरघळले की तो विजेचा अधिक चांगला वाहक होतो. म्हणूनच रत्नागिरी-मालवणकडची जीप आणि सोलापूरकडची जीप सारख्याच वयाच्या असल्या, तरी त्यांची किंमत सारखी धरू नये. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. दोन पत्र्यांच्या सांध्यात तो धरला की सांधा फुगतो. असा फुगवटा दिसला की हातोडीने हलकेच ठोकून पाहावे. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो. खाल्लेला पत्रा बोदा, मातीच्या फुटक्या मडक्यासारखा आवाज करतो. जाड स्क्रू-ड्रायव्हर टोचला आणि आत गेला, तर तो भाग कापून तेवढ्याच जाडीचा नवा पत्रा वेल्डिंगने बसवावा लागेल. हा खर्च टाळता येत नाही.

वेल्डिंगचा विषय निघाला आहे तर एक इशारा येथेच देतो. पेट्रोलची गळकी टाकी वेल्डिंग करून घेण्याचा मोह कित्येकांना होतो. टाकी रिकामी आहे, मग भीती कसली, असे वाटते. परंतु भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकीच अधिक घातक असते. पेट्रोल द्रवरूपात स्फोट पावत नाही. त्याची वाफ आणि हवा योग्य प्रमाणात मिसळली की ठिणगी पुरते. रिकाम्या टाकीत नेमके हेच मिश्रण तयार असते. अशा स्फोटांत माणसे दगावली आहेत. टाकी बदलणे उत्तम. तो खर्च जिवापेक्षा मोठा नाही.

आता इंजिन. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या इंजिनात दट्ट्याच्या कड्या, म्हणजे रिंगा, सिलिंडरच्या भिंतीला गंजाने चिकटतात. अशा वेळी बॅटरी लावून स्टार्टर मारणे म्हणजे नुकसान विकत घेणे होय. स्पार्क प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे डिझेल आणि इंजिन-ऑइल यांचे मिश्रण ओतावे आणि दोन-चार दिवस, जरूर तर आठवडाभर, तसेच मुरू द्यावे. मग पुढच्या हँडलने सावकाश, मागे-पुढे हलवत, इंजिन फिरते का ते पाहावे. धीर धरणाऱ्याचे येथे पुष्कळ पैसे वाचतात.

इंजिन फिरू लागले की त्याची खरी परीक्षा घ्यायची. त्यासाठी कॉम्प्रेशन गेज नावाचा साधा दाबमापक पुरतो. सर्व प्लग काढून, एकेका भोकात हे गेज घट्ट धरून इंजिन काही फेरे फिरवले, की दट्ट्या हवा किती दाबू शकतो ते कळते. ह्या जुन्या इंजिनांत हवा सुमारे सात-एक पट दाबली जाते, आणि तब्येत चांगली असेल तर गेजवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ किलो दाब दिसतो. समजा, चार सिलिंडरांचे आकडे असे आले: ७.०, ६.८, ४.२, ६.९. तिसऱ्या सिलिंडरमधून हवा कोठून तरी निसटते आहे. पण कोठून? वाटा मुख्यतः दोन. एक दट्ट्याच्या रिंगांजवळून खाली, दुसरी झडपेच्या बैठकीतून बाहेर.

आता गंमत पाहा. तिसऱ्या सिलिंडरमध्ये एक चमचा इंजिन-ऑइल ओता आणि पुन्हा दाब मोजा. ऑइल दट्ट्यावर पसरून रिंगांभोवतीच्या फटी तात्पुरत्या बुजवते. झडपेपर्यंत मात्र ते पोचत नाही. दाब ४.२ वरून ६ वर गेला, तर दोष रिंगांचा किंवा झिजलेल्या सिलिंडरचा. दाब हललाच नाही, तर दोष झडपेचा. पहिल्या प्रकारात इंजिन खोलून लेथवाल्याकडे न्यावे लागेल आणि खर्च मोठा होईल. दुसऱ्यात झडप बैठकीवर घासून बसवली, की बहुधा काम भागते. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत एकदमच दाब कमी आला, तर त्या दोघांमधले गॅस्केट जळले असण्याचा संभव अधिक. एक चमचा तेलाने हजारो रुपयांचा निर्णय होतो! "इंजिन संपूर्ण खोलावं लागेल," असे कोणी गाडीकडे नुसते पाहूनच सांगितले, तर आधी ही चाचणी करण्याचा आग्रह धरावा.

झडपांच्या बाबतीत जुन्या इंजिनांची आणखी एक अडचण आहे. त्यांच्या काळी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळत असत. त्याचा पातळ थर धूर सोडणाऱ्या झडपेच्या बैठकीवर बसून तिची झीज थांबवी. शिसे हे विषारी, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूला घातक. म्हणून भारतात २००० सालापासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले, आणि ते योग्यच झाले. इंजिन उघडलेच असेल, तर कठीण पोलादाच्या बैठका बसवून घेणे शहाणपणाचे. आता तर २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले आहे. त्यातला काही भाग आपल्याच उसाच्या मळ्यांतून येतो, ही अभिमानाची गोष्ट असली तरी जुन्या जीपच्या रबरी नळ्यांना त्याचे कौतुक नाही! इथेनॉलने जुन्या प्रकारचे रबर फुगते आणि चिरते. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते; पाणी फार झाले की ते इथेनॉलसह तळाशी वेगळे बसते आणि टाकी आतून गंजते. तेव्हा पेट्रोलच्या नळ्या आणि पंपातला रबरी पडदा नव्या प्रकारचे बसवावेत, आणि गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर पेट्रोल काढून घ्यावे.

इंजिन सुरू झाले की घरातील सर्वांना गाडी बाहेर काढण्याची घाई होते. हीच वेळ धोक्याची. चालू न होणारी जीप कोणाला इजा करीत नाही. चालू होणारी पण न थांबणारी जीप करते. म्हणून खर्चाच्या यादीत ब्रेक आणि स्टिअरिंग पहिले असावेत, आणि रंग सर्वांत शेवटी.

ब्रेकचे कार्य पास्कलच्या नियमावर चालते. पायाने पेडलवर २० किलो भार दिला आणि पेडलच्या तरफेने तो पाचपट झाला, असे धरू. मुख्य सिलिंडरच्या ५ चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळावर १०० किलो भार पडला, म्हणजे द्रवात दर चौरस सेंटिमीटरला २० किलो दाब निर्माण झाला. हा दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जसाच्या तसा पोचतो आणि तेथील छोटे दट्टे ब्रेकचे जोडे ड्रमवर दाबतात. ह्यात एकच गृहीत आहे: द्रव दबत नाही. नळीत हवेचा बुडबुडा शिरला तर पायाचा जोर बुडबुडा दाबण्यातच खर्च होतो आणि पेडल लोण्यासारखे मऊ लागते.

बुडबुडा बाहेरूनच यावा असे नाही. ब्रेकचे तेल हवेतले पाणी शोषून घेते. साधे ताजे ब्रेक-तेल २०५ अंश सेल्सिअसच्या वर उकळते. पाणी मुरलेले तेल १४० अंशांच्या आसपासच उकळू लागते. घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की ड्रम तापतात, तेलात वाफ होते आणि नेमक्या नको त्या वळणावर पेडल तळाला जाते. शिवाय ह्या जुन्या जीपांमध्ये चारही चाकांना मिळून तेलाची एकच वाट असते. एका चाकाशी नळी फुटली की चारही ब्रेक गेले! म्हणून जीप जुनी असेल तर सर्व रबरी नळ्या, वॉशर आणि तेल नवेच घालावे. "अजून चालतील" हे वाक्य येथे चालत नाही. पुढे दर वर्षा-दोन वर्षांनी तेल बदलावे. ड्रममधली काळी धूळ मात्र फुंकून उडवू नये. जुन्या जोड्यांत अॅस्बेस्टॉस असे, आणि त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसांत गेले की कायमचे तेथेच राहतात. ओल्या फडक्याने ती टिपून घ्यावी.

ह्या जीपचा हँडब्रेकही निराळा आहे, आणि तो नीट समजून घेतला नाही तर प्राणावर बेतते. आजच्या मोटारींत हँडब्रेक सहसा मागच्या दोन्ही चाकांना धरतो. जुन्या जीपमध्ये तो चाकांना धरतच नाही. मागच्या आसाकडे जाणारा जो शाफ्ट आहे, त्याला धरतो. सपाट जागी दोन्ही चाके जमिनीवर असताना हे पुरेसे असते. आता कल्पना करा, उतारावर टायर पंक्चर झाला आहे. तुम्ही हँडब्रेक ओढला आणि मागचे एक चाक जॅकने उचलले. मागच्या आसात डिफरन्शियल आहे, आणि त्याचा धर्मच असा की शाफ्ट थांबलेला असला तरी एक चाक पुढे आणि दुसरे मागे फिरू शकते. उचललेले चाक हवेत मोकळे उलटे फिरू लागते, जमिनीवरचे चाक सुलटे, आणि हँडब्रेक पूर्ण ओढलेला असताना जीप जॅकवरून घसरून चालू लागते. म्हणून चाक उचलण्याआधी उरलेल्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावलेच पाहिजेत, आणि केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये.

आता ज्या गुणासाठी ह्या गाडीचा एवढा नावलौकिक, त्या चारचाकी शक्तीकडे येऊ. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाची पेटी असते. तिच्यातून एक शाफ्ट मागच्या आसाकडे आणि एक पुढच्या आसाकडे जातो. वेगळा दांडा ओढला की पुढचा शाफ्टही जोडला जातो. त्याच पेटीत आणखी सावकाश चालीचा एक गिअर असतो. पहिला गिअर, हा सावकाश गिअर आणि आसातला गिअर, तिन्हींचा मिळून गुणाकार सुमारे ३७ होतो. इंजिन ३७ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा. वेग तेवढ्या पटीने घटतो आणि पिळाचा जोर तेवढ्या पटीने वाढतो. इंजिन ७० अश्वशक्तीचेच असूनही जीप चिखलातून ट्रॉली ओढते, ती ह्यामुळे.

परंतु हा दांडा डांबरी सडकेवर ओढून ठेवला तर काय होईल? जीपच्या दोन आसांमधले अंतर सुमारे २ मीटर आहे. काटकोनात वळताना मागच्या आसाचा मध्य ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून गेला, तर पायथागोरसच्या प्रमेयाप्रमाणे पुढच्या आसाची त्रिज्या येते सुमारे ५.४ मीटर. पाव वर्तुळात मागचा आस ७.८५ मीटर चालतो आणि पुढचा जवळजवळ ८.५ मीटर. म्हणजे एकाच वळणात पुढच्या चाकांना ६० सेंटिमीटर अधिक चालायचे असते. पण ट्रान्सफर केसने दोन्ही शाफ्ट एकाच वेगाला बांधले आहेत. चिखलात किंवा वाळूत चाके थोडी घसरून हा हिशेब मिटवतात. कोरड्या डांबरावर ती घसरत नाहीत, मग शाफ्ट पिळले जातात, टायर झिजतात, स्टिअरिंग जड होते, आणि शेवटी सर्वांत दुबळा सांधा किंवा दाता तुटतो. कधी कधी हा पीळ इतका बसतो की दांडा परत सुटतच नाही. अशा वेळी हातोडी न घेता जीप सरळ रेषेत काही मीटर मागे घ्यावी. पीळ उलगडतो आणि दांडा सुटतो.

ह्याच कारणाने टायरांतील काटकसर अंगाशी येते. मागे दोन नवे टायर आणि पुढे दोन झिजलेले, असे पुष्कळजण करतात. जीपच्या टायरचा परीघ साधारण २.२३ मीटर असतो. झिजलेल्या टायरची त्रिज्या १ सेंटिमीटरने कमी असली, तर नवे चाक एका किलोमीटरला ४४८ फेरे घेते आणि जुने ४६१. सरळ रस्त्यावरसुद्धा दोन शाफ्टांत भांडण सुरू! चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्याच झिजेचे हवेत. पैसे कमी असतील तर चार बऱ्या अवस्थेतले जुने टायर हे दोन नव्यांपेक्षा चांगले.

आणि एक गैरसमज दूर केला पाहिजे. चारही चाकांना शक्ती मिळाल्याने गाडी निघायला मदत होते, थांबायला नव्हे. ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांनाच असतात. ओल्या घाटात जीपवाल्याने अधिक धीट होण्याचे काहीच कारण नाही.

रोजची निगा फारशी खर्चाची नसते. सांध्यांना वेळच्या वेळी ग्रीस, आसांत आणि गिअरबॉक्समध्ये तेलाची पातळी, रेडिएटरमध्ये शक्यतो मऊ पाणी. ओढा किंवा नदी ओलांडल्यानंतर मात्र एक तपासणी विसरू नये. लांबून आलेल्या जीपचा आस तापलेला असतो. आतली हवा ८० अंशांवर आहे असे धरा. पाण्यात शिरताच ती २५ अंशांवर येते. निरपेक्ष तापमानात मोजले तर ३५३ वरून २९८, म्हणजे आतला दाब सुमारे सोळा टक्क्यांनी उतरतो, आणि जीर्ण ऑइल सीलमधून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी आसाचा बूच सैल करून थोडे तेल पाहावे. ते दुधाळ दिसले तर त्यात पाणी आहे. त्या तेलावर गाडी चालवली तर दाते महिन्या-दोन महिन्यांत खराब होतील. तेल बदलण्याचा खर्च नव्या क्राउन-पिनियनपुढे काहीच नाही.

सर्व तयारी झाल्यावर पहिल्यांदा इंजिन सुरू करताना प्लगच्या तारा काढून ठेवाव्यात आणि ऑइलचा काटा हलेपर्यंत इंजिन नुसतेच फिरवावे, म्हणजे कोरड्या बेअरिंगांना वंगण पोचते. मग तारा १-३-४-२ ह्या क्रमाने जोडाव्यात, जवळ वाळूची बादली ठेवावी. हँडल मारायचेच असेल तर अंगठा दांड्याभोवती न वळवता चार बोटांच्याच बाजूला ठेवावा आणि दांडा खालून वर ओढावा. इंजिनाने उलटा झटका दिला, तर हँडल हातातून सुटून जाते आणि अंगठा शाबूत राहतो.